तंद्री आपली की मोबाइलची?



गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब संपला आणि बोलणं मोबाइलवर आलं. विड्या वळणारी एक ताई म्हणाली, "रात्री साडेदहाला एका भाजीची कृती बघायला फोन हातात घेतला. मान वर केली तर साडेबारा! कृती राहिलीच. सकाळी डोळे चुरचुरत होते, हजार विड्या काही पुऱ्या झाल्या नाहीत." सगळ्या हसलो, पण प्रत्येकीला आपलीच रात्र आठवली. विडीची मजुरी हजारामागे मिळते. म्हणजे गेलेली झोप मजुरीतूनच कापली जाते. म्हणून आज आम्ही या तंद्रीविषयी बोलणार आहोत.

तंद्री मुळात वाईट नाही. आपल्या सोलापूरची कडक भाकरी थापणारी बाई बघा. पीठ कोरडं राहिलं तर काठ चिरतो, तो तिला लगेच दिसतो आणि हात लगेच सुधारतो. काम फार सोपं नाही, आवाक्याबाहेरचंही नाही. वेळ कसा गेला ते तिला कळत नाही, पण उठते तेव्हा समोर भाकरीची चवड असते.

मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी नेमका याचाच अभ्यास केला. गिर्यारोहक, बुद्धिबळ खेळणारे, नर्तक, शल्यविशारद अशा अनेकांशी ते बोलले. १९७५ आणि १९९० साली त्यांची यावरची पुस्तकं आली. आपण प्रवाहाबरोबर वाहतोय असं वाटतं, असं लोक सांगत, म्हणून या अवस्थेला त्यांनी 'प्रवाह' असंच नाव दिलं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: काय करायचं ते स्पष्ट हवं, जमतंय की नाही ते लगेच कळायला हवं आणि काम आपल्या कौशल्याच्या तोडीचं हवं.

१९९६ साली डॉना हॉफमन आणि थॉमस नोव्हाक या अमेरिकी अभ्यासकांनी हाच विचार इंटरनेटला लावला. तिथं शोधत फिरणाऱ्यालाही अशी तंद्री लागते, असं त्यांनी मांडलं. तो लेख छापून आला विपणनाच्या नियतकालिकात! आपली तंद्री धंद्याच्या कामाची आहे, हे तेव्हाच ओळखलं गेलं होतं.

इंटरनेटवर चांगली तंद्रीही लागते. ब्लाउजचा नवा गळा कापायला शिकताना व्हिडिओ थांबवायचा, कापड कापायचं, चुकलं की पुन्हा बघायचं. इथं हात आपला आणि ध्येयही आपलं.

पण बोटानं नुसतं वर सरकवत राहिलो की ध्येयच उरत नाही. पूर्वी पान संपायचं, तिथं मन विचारायचं, "आता पुरे का?" २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि तो थांबा गेला. पुढे त्यांनीच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात पुढचा व्हिडिओ कसा निघेल ते ठाऊक नसतं. कधी कंटाळवाणा, कधी मजेदार. त्या 'कधी'च्या आशेवर बोट चालू राहतं.

तेव्हा त्या ताईचा दोष नाही. दिवसभर विड्या, स्वयंपाक, मुलं. रात्रीचा तो तासच काय तो तिचा स्वतःचा. करमणूक हवीच. फक्त तो तास तिच्याच हातात राहावा, एवढंच आमचं म्हणणं.

आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. फोन उघडण्याआधी काय बघायचं ते मनात पक्कं म्हणायचं. यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करायची. जमत नसेल तर घरातल्या मुलीकडून करून घ्यायची. आणि झोपताना फोन उशाशी नाही, चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. एकच खोली असेल, तर हात पोहोचणार नाही अशा फळीवर.

फोन ठेवताना स्वतःला विचारा, "हाती काय आलं?" कृती आली, गळा कापायला जमला, नाहीतर मनापासून हसू आलं, तर तंद्री आपली. काहीच आठवत नसेल, तर ती मोबाइलची.

पुढच्या बैठकीत हिशेबाआधी आम्ही प्रत्येकीला हेच विचारणार आहोत. तुम्हीही तुमच्या गटात विचारून बघा.