पोटात गोळा, मनात कोण?

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात लाल रंग उठून दिसू लागतो. मावळातल्या पॉलिहाउसमधले डच गुलाब 20 नगांच्या गड्ड्या बांधून गाळ्यांवर येतात आणि 14 तारीख जवळ येईल तशी त्यांची मागणी वाढते. हे गुलाब हाती पडलेली तरुण मंडळी त्या दिवशी निघतात कुठे? कोणी सारसबागेत, कोणी पर्वती चढायला, कोणी खोपोलीजवळच्या इमॅजिकात, आणि शहरात कुठे फनफेअर लागलेलं असेल तर आकाशपाळण्याच्या रांगेत. बागेचं समजू शकतं. पण जिच्याशी किंवा ज्याच्याशी मनातलं बोलायचं आहे, त्या व्यक्तीला घेऊन किंचाळायला लावणाऱ्या यंत्रात बसण्याची ओढ कशामुळे वाटते? या प्रश्नावर अनेक दशकं संशोधन चालू आहे आणि त्यातून हाती आलेलं प्रत्येक प्रेमात पडलेल्या माणसाने जाणून घ्यावं असं आहे.

आधी पाळण्याचं गणित. पाळण्याची त्रिज्या 8 मीटर आहे आणि तो 10 सेकंदांत एक फेरी पुरी करतो असं धरू. त्यात बसलेल्या माणसावर गुरुत्वाच्या साधारण एक तृतीयांश इतकं त्वरण वर्तुळाच्या केंद्राकडे असतं. 60 किलोच्या माणसाला तळाशी आपण 79 किलोचे झालो असं वाटतं आणि माथ्यावर जेमतेम 41 किलोचे. पाच सेकंदांत एवढा फरक! माथ्यावरून पाळणा खाली झेपावतो तेव्हा आसनाचा आधार निसटल्यासारखा होतो, पोटातल्या अवयवांवरचा ताण बदलतो आणि पोटात गोळा येतो. आतल्या कानात ओटोलिथ नावाचे कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात, तेही मेंदूला पडण्याची वर्दी देतात. मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. ठोके वाढतात, तळवे घामेजतात, तोंड कोरडं पडतं.

मनात भरलेल्या व्यक्तीने अवचित हाक मारली तर काय होतं? जवळजवळ हेच. छातीतली धडधड भीतीची की ओढीची, हे नुसत्या ठोक्यांवरून कळत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शाख्टर आणि जेरोम सिंगर यांनी 1962 मध्ये मांडलं, की शरीर आधी खवळतं आणि त्या खळबळीला नाव काय द्यायचं हे मेंदू भोवतालच्या परिस्थितीवरून ठरवतो. त्यांच्या मूळ प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. तरी त्या कल्पनेने एका सुंदर प्रश्नाला वाट करून दिली: मेंदूने हे नाव चुकीचं दिलं तर?

1974 मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर आरॉन यांनी कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर हे तपासलं. पूल 450 फूट लांब, खाली 230 फुटांवर खडक आणि पाणी. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना एक तरुणी थांबवायची, एका चित्रावरून छोटी गोष्ट लिहून घ्यायची आणि संशोधनाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर म्हणून आपला फोन नंबर द्यायची. हाच प्रकार जवळच्या एका बुटक्या, पक्क्या पुलावरही केला. झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला, पक्क्या पुलावरच्या 16 पैकी फक्त दोघांनी. झुलत्या पुलावर लिहिलेल्या गोष्टींत शृंगारही जास्त होता. झुलत्या पुलावर येणारे मुळातच धीट असतील, अशी शंका साहजिक होती. म्हणून दोघांनी पुढच्या प्रयोगात पूल ओलांडून दहा मिनिटं विसावलेल्या तरुणांशी तुलना केली. त्यांच्यात हा परिणाम ओसरलेला दिसला. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

पाळणेवाल्यांना हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी उमगलं होतं. लामार्कस थॉम्पसनने 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर उतारावरून धावणारी गाडी सुरू केली, पाच सेंट भाड्याची आणि ताशी सहा मैल वेगाची. पुढच्या काही वर्षांत अंधाऱ्या बोगद्यांतून संथ होड्या फिरू लागल्या आणि पुढे त्यांना 'टनेल ऑफ लव्ह' हे नावच पडलं. चारचौघांत हात धरणं अशोभनीय मानलं जाण्याच्या त्या काळात घाबरल्याचं निमित्त मोलाचं होतं. आपल्याकडच्या जत्रांचं वेगळं काय आहे? एरवी माजघर आणि ओटा अशा वाटण्या असलेल्या घरातली नवी जोडपी पाळण्यात मात्र खांद्याला खांदा लावून बसत आणि त्याला कोणी नाव ठेवत नसे. नवरात्रातल्या चतु:शृंगीच्या जत्रेने पुण्यातल्या किती पिढ्यांना हे निमित्त पुरवलं असेल!

आता पर्वतीकडे वळू. मार्केट यार्डापासून ती हाकेच्या अंतरावर आहे आणि शंभरावर पायऱ्या चढून वर गेलं की कोणाचीही छाती भरून येते. ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये असाच साधा प्रयोग केला. काही तरुणांना जागच्या जागी दोन मिनिटं धावायला लावलं, काहींना फक्त 15 सेकंद, आणि मग एका तरुणीची चित्रफीत दाखवली. तरुणी एकच, पण कधी आकर्षक रूपात, कधी मुद्दाम अनाकर्षक केलेली. जास्त धावलेल्यांना आकर्षक रूप अधिक आवडलं. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: अनाकर्षक रूप त्यांना अधिक नावडलं. म्हणजे धडधड हा भोंगा आहे. गाणं सुरेल असेल तर ते दूरवर पोचवतो, बेसूर असेल तर बेसूरपणाही. जिथे ओढ नाही तिथे पाळणा ती निर्माण करत नाही. रुसलेल्या व्यक्तीला बळेच राइडमध्ये बसवण्याने रुसवा जाईल, या भरवशावर कोणी राहू नये.

रोलर कोस्टरवरचा खरा प्रयोग 2003 चा. सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक यांनी टेक्सासमधल्या मनोरंजन उद्यानांत रांगेत उभ्या असलेल्यांना आणि नुकत्याच उतरलेल्यांना अनोळखी व्यक्तीचा फोटो दाखवून विचारलं, ही व्यक्ती किती आकर्षक वाटते? एखाद्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर बसून उतरलेल्यांना तो चेहरा अधिक आकर्षक वाटला. मात्र जे आपल्या जोडीदाराबरोबर बसले होते, त्यांच्यात असा लक्षणीय फरक पडला नाही. का, यावर मतं वेगळी आहेत. मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं, की शेजारी आपलं माणूस बसलेलं असताना त्या खळबळीला बाहेर पत्ता शोधत फिरावं लागत नाही.

मेंदू खरोखर फसतो का, हे मात्र अजून पक्कं नाही. क्रेग फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. धडधडीचं कारण माणसाला नीट ठाऊक असतानाही आकर्षण वाढतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे हा लेख वाचूनही पाळण्यात बसल्यावर तुमच्यावर परिणाम होऊ शकतो!

जुन्या जोडप्यांचं काय? तोच पाळणा दहाव्यांदा घेतला तर किंचाळी येत नाही. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांनी 1974 मध्ये याचा सिद्धांत मांडला: प्रत्येक तीव्र भावनेमागे मेंदू तिला विरोध करणारी दुसरी प्रक्रिया सुरू करतो आणि सवयीने ही दुसरी प्रक्रिया बळावते. पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्यांची भीती दिवसेंदिवस कमी होते आणि उडीनंतरचा आनंद वाढतो. प्रेमात उलट घडतं: सुरुवातीचा उन्माद निवतो, पण ताटातूट झाली तर वेदना पूर्वीपेक्षा खोल असते. उन्माद ओसरला म्हणून नातं संपलं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आरॉन यांनीच 2000 साली याची दुसरी बाजू दाखवली. काही जोडप्यांची मनगटं आणि पाय एकमेकांना बांधून, दोघांच्या अंगांमध्ये हात न लावता उशी धरून, त्यांना अडथळ्यावरून रांगायला लावलं. अवघ्या सात मिनिटांचा खेळ. साधं, कंटाळवाणं काम केलेल्या जोडप्यांपेक्षा या जोडप्यांनी आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान सांगितलं. लग्नाला वीस वर्षं झालेल्यांनी वाढदिवसाला त्याच हॉटेलात तीच थाळी मागवण्याऐवजी दोघांनाही न येणारं काहीतरी मिळून करून पाहावं, ते याचसाठी.

शेवटी राहतो सर्वांत गंभीर मुद्दा. पाळण्यातली भीती गोड लागते, कारण आडवी दांडी लागलेली असते, चालवणाऱ्याचा हात ब्रेकवर असतो आणि आपण आपल्या पायांनी चढलेलो असतो. डेन्मार्कमधल्या एका भुताटकीच्या घरात 110 जणांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. भीती फार कमी असेल तर मजा नाही आणि फार जास्त झाली तरी नाही, मधली पातळीच आनंदाची, असं त्यात दिसलं. ही मधली पातळी प्रत्येकाची वेगळी असते आणि ती दुसऱ्याने ठरवायची नसते. जवळिकीचंही तसंच. समोरच्याची धडधड, लाली, थरथर म्हणजे होकार नव्हे. शरीर घाबरल्यावरही अगदी असंच वागतं. होकार शब्दांतून येतो आणि तो मधेच मागे घेता येतो.

तेव्हा येत्या फेब्रुवारीत गुलाब जरूर घ्या, पर्वती चढा, पाळण्यातही बसा. बसण्याआधी शेजारच्या व्यक्तीला विचारा, थांब म्हटल्यावर थांबा, आणि आयुष्याचा प्रश्न विचारायचा असेल तर खाली उतरून ठोके जागेवर आल्यावर विचारा. त्या वेळी मिळालेलं उत्तर अधिक भरवशाचं असतं.