पोट भरले, पण पोषण झाले का?



"आमचं पोरगं भाकरीला तोंड लावत नाही. भाजी दिसली की ताट सारतं. दूध, चहा-बिस्किट आणि पांढरा भात, एवढ्यावरच राहतं." ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोन ते सहा वर्षांच्या वयात बरीच मुले असे नखरे करतात आणि पुढे ते कमीही होतात. तेव्हा घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

पिकाला नुसता युरिया दिला तर ते हिरवेगार दिसते. स्फुरद-पालाश कमी पडले की दाणा मात्र भरत नाही. मुलाचेही तसेच. भात-बिस्किटाने पोट भरते, पण बाकीची द्रव्ये कोठून येणार?

काय कमी पडते?

पहिले लोह. ते रक्ताला लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० पैकी ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण. असे मूल लवकर दमते, किरकिर करते, अभ्यासात मागे पडते.

दुसरे 'अ' जीवनसत्त्व. ते फार कमी पडले तर दिवेलागणीला मूल चाचपडू लागते. यालाच रातांधळेपणा म्हणतात.

दूध चांगलेच, पण त्यात लोह नावापुरते असते. दिवसभर दूध पिणाऱ्या मुलाला जेवणाची भूक राहत नाही. दोन कप पुरे. चहातील तुरट द्रव्य तर अन्नातले लोह अडवून धरते. लहान मुलाला चहा नकोच. गुळावरही भिस्त ठेवू नका; तो खाल्ला जातो तो खडाभर.

मग करायचे काय?

१. आवडीच्या पदार्थातच भर घाला. थालीपिठात मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला, घाऱ्यांत लाल भोपळा, वरणात कुस्करलेली बाजरीची भाकरी. अंडे चालत असेल तर जरूर द्या.

२. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणासोबत पेरूची फोड द्या. आंबट फळांतील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते.

३. पालेभाजी शिजवून पाणी ओतून देऊ नका. थोडे तेल घाला. 'अ' जीवनसत्त्व त्यानेच अंगी लागते.

४. शेंगदाण्याचे कूट द्या. अख्खा दाणा लहानग्याच्या घशात अडकतो.

५. मारून, दामटून भरवू नका. नवा पदार्थ घासभर वाढा. नाही खाल्ला तर चार दिवसांनी पुन्हा वाढा. दहा-बारा वेळा समोर आला की पुष्कळदा मूल आपणहून हात घालते. मोठ्यांनी तोच पदार्थ त्याच्यासोबत बसून खावा. बापच भाजी बाजूला सारत असेल, तर पोर काय शिकणार?

सुगीच्या दिवसांत आई रानात असते आणि पोराच्या हाती बिस्किटाचा पुडा येतो. त्यापेक्षा सकाळीच दोन थालीपिठे फडक्यात बांधून ठेवा. बांधावर शेवग्याचे एक झाड आणि न्हाणीच्या पाण्यावर पपई लावली, तर बाजारहाटाची वाट पाहावी लागत नाही.

दवाखान्यात केव्हा न्यावे?

मूल माती खाते, पापणीची आतली बाजू फिकी दिसते, वजन वाढत नाही किंवा अंधार पडू लागताच त्याला दिसेनासे होते, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लोहाचे औषध मनाने देऊ नका. ते जास्त झाले तर घातक ठरते. बाटली मुलाच्या हाती लागू देऊ नका. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस आणि ठरलेल्या दिवशी जंताची गोळी चुकवू नका. अंगणवाडीताईंना विचारा.

आज रात्री मुलाचे ताट एकदा नीट पाहा. सगळे पांढरेच दिसले, तर उद्या त्यात एक हिरवा किंवा केशरी घास वाढवा.