संगणक मुका होतो तेव्हा

पडद्यावर गाण्याची रेषा सरकत असते, सेकंद मोजले जात असतात, आणि कानी मात्र काहीच येत नाही! संगणक असलेल्या बहुतेक घरांस हा प्रसंग परिचित असेल. अशा वेळी फाईल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याचा मोह होतो. विद्यार्थिमित्रांनो, तसे मुळीच करू नका. कोणाच्या घरी आजीच्या मराठी ओव्या, तर माझ्यासारख्याच्या घरी कोंकणी ओव्या, एकदाच ध्वनिमुद्रित झालेल्या असतात. शिवाय रेषा सरकत आहे, याचा अर्थच असा की फाईल बहुधा शाबूत असून दोष पुढच्या वाटेवर आहे.

ही वाट समजून घेऊ. संगणकात आवाज नसतो, आकडे असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनिलहरीची उंची सेकंदास ४४,१०० वेळा मोजलेली असते. गाण्याच्या अनेक फाइलींतही हेच प्रमाण आढळते. प्रोग्रॅम हे आकडे वाचतो, ड्रायव्हर ते पुढे पोचवितो, त्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर होते, व शेवटी तार आणि स्पीकर. पाटाचे पाणी शेतात आले नाही म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. पाट कोठे फुटला, हे पाहत जातो.

प्रथम दुसरी फाईल वाजवून पाहावी. ती वाजल्यास पहिली फाईल निराळ्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. कोणतीच वाजत नसेल, तर हेडफोन लावावा. त्यात ऐकू आले की दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा समजावा. तेथेही शांतताच असेल, तर आवाज बंद केलेला नाही ना, आणि तो कोठे पाठविला जात आहे, हे पाहावे. पुष्कळदा संगणक आवाज पाठवीत असतो तो शेजारच्या खोलीतील ब्लूटूथ स्पीकरकडे, नाहीतर स्पीकरच नसलेल्या पडद्याकडे! एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

एक दोष मात्र मोठा गमतीचा. हेडफोनच्या प्लगवर डावा, उजवा व दोघांना सामाईक असे विजेचे मार्ग असतात. प्लग अर्धवट बसून सामाईक मार्ग तुटला, तर दोन्ही बाजूंस समान असलेला ध्वनी परस्परांस छेदून जवळजवळ नाहीसा होतो. फरक तेवढा उरतो. चित्रपटगीतात गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंस सारखा असतो. म्हणून वाद्ये वाजत राहतात आणि गायक लुप्त होतो! आपल्याच जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या ध्वनिमुद्रिका एकमार्गी काळातील. त्यांचे गाणे तर वाद्यांसकट मावळते. प्लग नीट दाबावा, एवढाच उपाय.

हे सारे करूनही यश न आल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि मगच ड्रायव्हर नव्याने बसवावा. तत्पूर्वी त्या ओव्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.