धूर आणि ढग : संगणकावर रंगवताना

धूर आणि ढग हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचे बनलेले असतात आणि त्यांचा रंग बऱ्याच अंशी त्या कणांच्या आकारावर ठरतो. ढगातला थेंब साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा असतो. तो प्रकाशातले सगळे रंग सारखेच विखुरतो, म्हणून उन्हातला ढग पांढरा दिसतो. ताज्या धुराचे कण बहुतेक एका मायक्रॉनच्या आतले. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे एकच धूर गर्द झाडीसमोर निळसर, तर उजळ आकाशासमोर तपकिरी दिसतो. धुरासाठी एकच करडा रंग निवडला की चित्र फसते, ते यामुळेच.

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजमध्ये या दोन्हींचे उत्तम नमुने डोळ्यांसमोर असतात. यशवंतनगरला सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, जवळपास निम्मे पाणी असते, त्यामुळे गळीत हंगामात चिमणीतून धुराबरोबर भरपूर वाफही बाहेर पडते. थंड हवेत ही वाफ दाट पांढरी दिसते आणि थोड्या अंतरावर विरते. पुढे उरतो तो धुराचा फिकट पट्टा. चित्रात हे दोन्ही भाग वेगळ्या लेअरवर ठेवावेत. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असेल, तर धूर वर न चढता आडवा पसरतो. ऊसतोडणीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूर आणखी निराळा: मुळाशी ज्वाळेने तांबूस, दाट, वाऱ्याबरोबर झुकलेला. पाचट जाळण्यापेक्षा कुजवणे जमिनीच्या हिताचे, पण हा धूर अजूनही शेतांवर दिसतो.

ढगांचेही तसेच. अकलूज ज्या माळशिरस तालुक्यात आहे, तो पर्जन्यछायेत येतो. जून-जुलैत पश्चिमेकडून करड्या ढगांचे थर सरकत जातात, पाऊस मात्र बेताचाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर परतीच्या पावसाचे उंच ढग उभे राहतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये ढगांवरच्या प्रयोगांसाठी सोलापूर निवडले, तेही पर्जन्यछायेतला भाग म्हणूनच. परतीच्या पावसाच्या अशा उंच ढगाचा माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगीर असतो, पण तळ जवळजवळ सपाट. कारण वर चढणारी वाफ ठरावीक उंचीवर पोचली की थेंब बनू लागतात. नवशिक्यांच्या चित्रात तळही माथ्याइतकाच गोल येतो आणि ढगाचा कापूस होतो.

रंगवताना आधी ठळक कडेच्या ब्रशने मध्यम करड्या रंगात ढगाचा एकूण आकार घ्यावा. मग सूर्याची दिशा ठरवून उजेडाचे भाग चढवावेत. सावलीत काळा रंग वापरू नये. तिच्यावर निळ्या आकाशाचा आणि खालून मातीचा उबदार प्रकाश पडत असतो. सगळ्यात महत्त्वाची कड. उन्हाकडची, फुगत जाणारी कड ठळक हवी. विरत जाणारी मऊ. सुरुवातीपासून एअरब्रश किंवा स्मज फिरवला, तर सगळेच मऊ होते आणि घनता हरवते. स्मज शेवटी आणि मोजकाच वापरावा.

धुरात पेनचा दाब मुळाशी जास्त आणि पुढे कमी होत जावा. गडद पार्श्वभूमीवरच्या उजळ धुरासाठी स्क्रीन, उजळ आकाशावरच्या काळपट धुरासाठी मल्टिप्लाय हे ब्लेंड मोड उपयोगी पडतात. मऊ इरेजरने धुरात पोकळ्या पाडल्या की त्यातून मागचे दृश्य दिसते आणि खोली येते.

ढगांसारखी नक्षी आपोआप काढणारे फिल्टरही असतात. या तंत्राचा पाया संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी 1980च्या दशकात घातला आणि 1997 मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मात्र अशा सपाट नक्षीला प्रकाशाची दिशा नसते, म्हणून ती दूरच्या धूसरपणापुरतीच बरी. तयार क्लाउड ब्रशचेही तेच.

सरावासाठी महागडे साहित्य लागत नाही. क्रिता हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. शिकणाऱ्यांनी ब्रशचे संच गोळा करण्याआधी ऑक्टोबरमधल्या एखाद्या दुपारी एकाच ढगाची दर दहा मिनिटांनी पाच-सहा रेखाटने करावीत.