लेबलवरचा छोटासा शब्द : एंझाइम्स

इथल्या अमेरिकन दुकानात चीजचं पाकीट उलटं करून बघितलंत, तर दूध, मीठ यांच्या शेजारी एक शब्द दिसेल : एंझाइम्स. मराठीत विकरं. हा शब्द समजला, तर घरातले दोन-तीन प्रश्न सहज सुटतात.

एंझाइम म्हणजे शरीरातली किंवा कारखान्यातली रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारं प्रथिन. काम करताना ते स्वतः संपत नाही. आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं, जशी एका कुलपाची एक किल्ली. पोळीचा घास मिनिटभर चावत राहा, गोडसर लागू लागेल. लाळेतलं अमायलेज पिठातल्या स्टार्चची साखर करतं. पुढे जठरात पेप्सिन प्रथिनं तोडतं आणि लहान आतड्यात लायपेज चरबी फोडतं.

आता दुधाकडे येऊ. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती तोडणारं लॅक्टेज तान्ह्या बाळात भरपूर असतं, पण जगातल्या बहुसंख्य माणसांत वयाबरोबर कमी होतं. मग न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगतं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना दूध सोसत नसेल, तर कारण हेही असू शकतं. दही मात्र अनेकांना चालतं, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात.

लॅक्टोज-फ्री दुधात कंपनीने लॅक्टेज घालून ही साखर आधीच तोडलेली असते. ते गोड लागतं, पण वरून साखर घातलेली नसते. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यातली एकूण साखर साध्या दुधाएवढीच असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी ती हिशोबात धरावी. आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी : ती प्रथिनांची असते, तिथे हे दूध चालत नाही.

शाकाहारी घरांसाठी चीजचा मुद्दा महत्त्वाचा. दूध गोठवणारं कायमोसिन पूर्वी वासराच्या जठरातून काढत. १९९० साली इथल्या एफडीएने सूक्ष्मजीवांकडून बनवलेल्या कायमोसिनला मान्यता दिली आणि आज इथलं बरंचसं चीज त्यावरच बनतं. पण लेबलवर नुसतं 'एंझाइम्स' लिहिलं, तर ते कुठून आलं हे कळत नाही. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेरियन' हा शब्द शोधा, नाहीतर कंपनीला विचारा. खऱ्या इटालियन पार्मिजानो रेज्जानोत वासराचंच रेनेट असतं. लिंबू पिळून केलेल्या घरच्या पनीरला हा प्रश्नच नाही.

शेवटी कपडे. धुण्याच्या साबणातली एंझाइम्स वरणाचा, तुपाचा डाग तोडतात. हळदीचा रंग मात्र त्यांच्या कुलपात बसत नाही. त्याला ऊनच बरं. फार कडक पाण्यात एंझाइम्स निकामी होतात. आणि रेशीम, लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. प्रथिनं तोडणारा साबण पैठणीच्या धाग्यालाही खाईल. तेव्हा रेशमी वस्त्र धुण्याआधी साबणाच्या डब्यावर 'प्रोटीएज' आहे का, तेवढं बघा.

पुढच्या वेळी दुकानात गेलात, की पाकीट जरूर उलटं करा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!