डॅफोडिलचे सह्याद्रीतील आप्त

दादरच्या फूलबाजारात पहाटे जुड्या बांधून येणाऱ्या लिलीच्या पांढऱ्या कळ्या आपण हारासाठी नेहमी घेतो. ही लिली मूळची अमेरिका खंडातील. परंतु पश्चिम युरोपातील ओलसर कुरणांत व विरळ वनांत फुलणारे पिवळे रानडॅफोडिल तिच्याच कुळातले. आजच्या वनस्पतिशास्त्राने कांदा व लसूण यांनाही याच कुळात बसविले आहे. आपल्या स्वयंपाकघरांना हे नाते ठाऊक नसावे!

डॅफोडिल आपल्या रानात उगवत नाही, त्याचे आप्त मात्र उगवतात. मे महिन्यात गिरगाव-परळची कितीतरी कुटुंबे महाबळेश्वरी जातात. त्याच सुमारास वळवाच्या सरी पडल्या की तेथील गवताळ उतारांवर ‘क्रायनम ब्रॅकिनेमा’ या दुर्मीळ वनस्पतीचे दांडे वर येतात व त्यांवर शुभ्र, सुगंधी फुलांचे झुपके उमलतात. पाने अद्याप नसतात. फुलण्याचे सारे बळ जमिनीखालच्या कंदात गतवर्षीच साठलेले असते. पावसाळ्यात पाने येतात, कंद पुन्हा भरतात आणि वाळून जातात. मग वर्षातील बहुतेक काळ तेथे काही आहे, याची खूणही उरत नाही.

तिचीच बहीण ‘क्रायनम वुड्रोई’. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वुड्रो यांच्या नावाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदली गेली आणि पुढे शंभरएक वर्षे कोणास दिसली नाही. चालू शतकाच्या आरंभी ती पुन्हा सापडली, तीही महाबळेश्वरच्या केट्स पॉइंट परिसरात, जेथे प्रवाशांची रोजची वर्दळ. तिसरी, ‘क्रायनम एलिओनोरी’, 1928 साली ब्लॅटर व मॅककॅन यांनी वर्णिली. फादर ब्लॅटर धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवीत. तेथील वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गिरगावातून पायी जाण्याइतके हे अंतर.

मागे एका सहलीत सोबतच्या हौशी गृहस्थांनी गच्चीतील कुंडीसाठी असाच एक कंद उपटून आणला. घरी कंदमूळ वर्ज्य, पण हा खाण्याचा नव्हे, म्हणून दोष कसला, असे त्यांचे म्हणणे. (खाण्याचा तो नव्हेच, या वर्गातील कंद विषारी असतात.) कुंडीत दोन पावसाळे नुसती पाने आली, तिसऱ्या वर्षी तीही नाहीत. उतारावर मात्र जेथून तो काढला, तेथे एक खड्डा राहिला होता.