शैवालाच्या पेशीतील जिवाणू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रातील अनेक शैवालांच्या पेशींत जिवाणू वस्तीला असतात. शैवालाच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या जिवाणूंहून ते वेगळे. त्यांचे सारे आयुष्य पेशीच्या आतच जाते. त्यांच्याविषयीचे काही समज मात्र वस्तुस्थितीला धरून नाहीत.

गैरसमज: पेशीत जिवाणू शिरला म्हणजे शैवालाला रोग झाला.

वस्तुस्थिती: काही जिवाणू रोगकारक असतात, पण कित्येक शैवालाच्या उपयोगी पडतात. ब्रायॉप्सिस या हिरव्या शैवालाचा पिसासारखा झुपका म्हणजे अनेक केंद्रके असलेली एकच मोठी पेशी. हवाई बेटांजवळच्या ब्रायॉप्सिसमध्ये काहालालाइड ही विषारी द्रव्ये सापडतात आणि त्यांच्यामुळे मासे त्याला तोंड लावत नाहीत. हे विष शैवाल नव्हे, तर त्याच्या पेशीतला जिवाणू तयार करतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले.

गैरसमज: शैवाल सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न बनवते, त्यामुळे त्याला दुसऱ्या कोणाची गरज नसते.

वस्तुस्थिती: प्रकाशसंश्लेषणातून साखर मिळते, पण प्रथिनांसाठी नायट्रोजनही लागतो. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे आणि तो समुद्राच्या पाण्यातही विरघळलेला असतो, पण वायुरूपात तो शैवालाला वापरता येत नाही. त्याचे अमोनियात रूपांतर करणारे, म्हणजे नायट्रोजन स्थिर करणारे, नायट्रोजिनेज हे विकर जिवाणू आणि आर्किया या सूक्ष्मजीवांकडेच असते. किनाऱ्यापासून दूर, उष्ण समुद्रात शैवालाला वापरता येणारे नायट्रेट फार थोडे असते. तेथे असा जिवाणू पेशीतच असला, की शैवालाची मोठी नड भागते.

गैरसमज: सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जिवाणू) म्हटले की प्रकाशसंश्लेषण आलेच.

वस्तुस्थिती: यूसीवायएन-ए हा सायनोबॅक्टेरिया याला अपवाद आहे. जोनाथन झेर यांच्या गटाला १९९८ मध्ये प्रशांत महासागराच्या पाण्यात त्याच्या डीएनएचा तुकडा मिळाला. पुढे त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा ऑक्सिजन तयार करणारी आणि कार्बन स्थिर करणारी यंत्रणा त्यात नसल्याचे आढळले. तो एका शैवालाच्या पेशीत राहून त्याच्याकडून कार्बन घेतो आणि बदल्यात नायट्रोजन देतो. ऑक्सिजनने नायट्रोजिनेज निकामी होते. हा जिवाणू स्वतः ऑक्सिजन सोडत नसल्याने दिवसाउजेडीही नायट्रोजन स्थिर करू शकतो.

गैरसमज: असा जिवाणू पेशीत केवळ पाहुणा असतो.

वस्तुस्थिती: यूसीवायएन-ए ज्या शैवालात राहतो, त्या ब्रारुडोस्फेरा बिगेलोवीच्या सूक्ष्म पेशीवर १२ पंचकोनी चुनखडी तबकड्यांचे कवच असते. जपानमधील क्योको हागिनो यांनी चिकाटीने हे शैवाल प्रयोगशाळेत वाढवले, म्हणून पुढचा अभ्यास शक्य झाला. क्ष-किरण चित्रांत दिसले, की पेशीच्या विभाजनाबरोबर जिवाणूही ठरल्या क्रमाने विभागतो आणि प्रत्येक नव्या पेशीला आपला वाटा मिळतो. त्याला लागणारी अनेक प्रथिने शैवालाच्या जनुकांवरून बनतात आणि त्यांना जोडलेल्या खास पट्ट्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचतात. या पुराव्यांवरून २०२४ मध्ये संशोधकांनी त्याला पेशीचे अंगक मानले आणि ‘नायट्रोप्लास्ट’ हे नाव दिले. तंतुकणिका आणि हरितलवकेही अशीच एकेकाळच्या जिवाणूंपासून घडली.

गैरसमज: रायझोबिया हे जिवाणू फक्त हरभरा, तूर, सोयाबीन अशा पिकांच्या मुळांवरील गाठींतच नायट्रोजन स्थिर करतात.

वस्तुस्थिती: याच गटातला एक जिवाणू हॅस्लिया या सागरी डायटमच्या (एकपेशीय शैवालाच्या) पेशीत राहून तेच काम करतो, असे जर्मनीतील ब्रेमेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले. त्यामुळे समुद्रातील नायट्रोजनचा हिशेब केवळ सायनोबॅक्टेरियांवरून मांडता येत नाही.